जोड की खण

आमच्या गल्लीत त्याला सुतार म्हणून कोणी हाक मारत नाही. सगळे पाचर म्हणतात. लहान असतील ते पुढे काका जोडतात. डुगडुगणारी खुर्ची समोर आली की हा तिला उलटी करतो, पायाच्या सांध्यात बोटभर लाकडाची पाचर ठोकतो आणि मग ती खुर्ची पुढे कितीतरी वर्षं हूं की चूं करत नाही. हे झालं नावाचं एक कारण. दुसरं असं, की न्हाव्याच्या दुकानात दोन माणसं अगदी एकमताने तिसऱ्याबद्दल वाईट बोलत बसलेली असली, की हा आरशात बघत हळूच म्हणणार, "पण त्याची बायको तर वेगळंच सांगत होती." झालं. एकमताचे दोन तुकडे होतात आणि हा गुळगुळीत दाढी करून निघून जातो.

माझं घर त्याच्या दुकानाच्या बरोबर समोर. निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ त्याच्या दारातल्या खुर्चीत जाते. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यातलं बरंच डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उरलेलं वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, सांगितलेलं आहे. वहिनी तिखटमीठ लावत नाहीत. असल्या नवऱ्याच्या गोष्टीला वरून काही लावावं लागत नाही.

त्याची सगळी श्रद्धा जोडावर. दोन लाकडांच्या जोडात सरस भरायचा, शिकंजा आवळायचा आणि मग सुताराने हात मागे बांधून उभं राहायचं. "सरस वाळायच्या आत जो हात लावतो, तो सुतार नव्हे, गिऱ्हाईक," हे त्याचं वाक्य. म्हणून दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूवर तो खडूने ठळक लिहितो: हलवू नये. दुकानात पाऊल टाकलं की खुर्च्या, स्टुलं, कोणाच्या तरी आजोबांचं टेबल, सगळीकडून तीच ताकीद. नवा माणूस आत आला की अंग चोरून मधोमध उभा राहतो.

आता एवढी लाकडं उचलणाऱ्या माणसाची कंबर गेली ती कशाने? गल्लीत याच्या बऱ्याच कथा फिरत होत्या. एकीत त्याने कपाट एकट्याने जिना चढवलं होतं, दुसरीत वहिनींना उचलायला गेला होता. दुसरी कथा वहिनींच्या कानावर गेल्यावर बंद पडली. खरी गोष्ट फारच किरकोळ आहे. आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो, त्यांचं खणांचं कपाट त्याच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. पॉलिशचा शेवटचा हात झाला, आनंदाने याने चिमूटभर तपकीर ओढली आणि खण जागेवर सारले. तेवढ्यात कानावरची पेन्सिल खाली पडली. हा वाकला आणि नेमका वाकलेला असताना शिंकला. शिंकेबरोबर मणक्यातली गादीही जागा सोडून बाहेर आली.

मी समोरून पाहत होतो. तो कमरेत काटकोनात वाकलेला तसाच राहिला. मला वाटलं पेन्सिल सापडत नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कमरेतून निघालेली कळ डाव्या टाचेपर्यंत विजेसारखी जायची. गोळ्या झाल्या, शेक झाला, पडून राहणं झालं. मग पायाचा पंजा उचलेनासा झाला, तेव्हा शस्त्रक्रिया करावी लागली. दुकानाचं शटर ज्या दिवशी खाली ओढलं होतं ते तसंच राहिलं. बाईंचं कपाट आतच.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पायातली कळ गेली. घरी सोडताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून, म्हणजे वहिनींना बसवून आणि त्याला उभं ठेवून, सगळं नीट सांगितलं. "सरकलेला तुकडा काढलाय. नस मोकळी झालीय. आता आत जखम भरेल आणि तिथे व्रण तयार होईल. तो सगळ्यांनाच होतो, तो होऊच नये असं औषध माझ्याकडे नाही. पण नस त्या व्रणाला चिकटून बसली तर दुखणं परत येऊ शकतं आणि त्याच जागी पुन्हा शस्त्रक्रिया करणं फार अवघड. म्हणून थोडं थोडं, पण वरचेवर चालायचं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही, एका जागी फार वेळ बसायचं नाही. ताप आला, जखम वाहायला लागली, लघवीला अडचण झाली, तर लगेच फोन करायचा. आणि तंबाखू बंद. नाकातून घ्यायची सुद्धा."

वहिनींनी हे सगळं ऐकलं. याने काय ऐकलं? आत जखम आहे, ती भरणार आहे आणि काहीतरी चिकटणार आहे. चिकटणं ही सुताराच्या धंद्यात शुभवार्ता. त्याने मनाशी ठरवलं की डॉक्टरांनी आत जोड घातलाय, सरस ओला आहे, आता कोणी हात लावायचा नाही.

घरी आल्यावर तो पलंगावर फळीसारखा आडवा झाला. दोन्ही बाजूंना उशा ठासून घेतल्या. कमरेचा पट्टा जेवढा आवळायला सांगितला होता त्याच्यापेक्षा जास्त आवळला. मी भेटायला गेलो तर मान न वळवता नुसते डोळे माझ्याकडे फिरवले.

"काय रे, कसं वाटतंय?"

"बोलू नकोस. हसवशील."

"हसलास तर काय होईल?"

"जोड हलेल."

आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याच्या घरी काही सांगायचं असून सांगता येईना. आणि बातमी चांगली होती. शिंप्याच्या मुलीने स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं होतं.

व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी घरी यायची. फिजिओथेरपीवाली. बोलायला गोड, नजर मात्र कस्टममधल्या अधिकाऱ्याची. ती यायची, त्याला उठवायची, दारापर्यंत नेऊन आणायची. मग आडवं करून मांडी दोन्ही हातांनी धरायला लावायची आणि गुडघा हळूहळू सरळ करून परत दुमडायला लावायची. "काका, नस तिच्या वाटेत पुढे-मागे सरकत राहिली पाहिजे. कळ येईल इतकं नाही, जरा ओढ लागेल इतकंच. आणि दिवसातून बऱ्याच वेळा चालायचं. चालाल ना?"

"हो हो."

ती जिना उतरली की हा परत दोन उशांच्या मध्ये. वहिनी ओरडायच्या, तो डोळे मिटून घ्यायचा. पण ती मुलगी आली की पहिला प्रश्न तोच, चाललात का. तेव्हा या गृहस्थाने शक्कल काढली. घरातल्या हत्यारांच्या पेटीच्या तळाला जे काही उरलं होतं त्यात चपला घासून दाराशी ठेवायला लागला, म्हणजे कसं, तळ मळलेले दिसतील. दोन-तीन वेळा ते खपलं. मग एक दिवस तिने चप्पल उचलली, उलटी केली आणि नाकाशी नेली.

"काका, आपल्या रस्त्यावर लाकडाचा भुसा कधीपासून पडायला लागला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

तिने मग त्याला पाठीवर झोपवलं आणि डावा पाय सरळ ठेवून टाचेला धरून उचलत नेला. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा उचलला होता तेव्हा बराच वर गेला होता. आता मध्येच अडला. चादर त्याच्या मुठीत गेली.

"मागच्या आठवड्यापेक्षा कमी जातोय," ती म्हणाली, या वेळी गोड नाही. "टाके चांगले आहेत. डॉक्टरांशी बोलते मी. पण काका, हे असंच पडून राहिलात तर ही नस आतल्या आत अडकून बसेल. मग उभं राहून काम करण्याचं विसरा."

ती गेल्यावर तो भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर त्याचा रंधा टांगलेला होता. तो रंधा त्याच्या हातात तरुणपणापासून आहे. मुठीच्या जागी लाकूड झिजून त्याच्या तळव्याचा साचा झालाय, दुसऱ्या कोणाच्या हातात तो बसतसुद्धा नाही. रंधा बसून मारता येत नाही. त्याला दोन पायांवर उभं राहून, कमरेतून रेटा द्यावा लागतो.

"अजून वाळला नसेल," तो पुटपुटला. "आणखी घट्ट राहायला पाहिजे."

भ्यालेला माणूस आपल्याला येतं तेच जास्त जोरात करतो. पाचर ठोकणारा आणखी पाचर ठोकतो. त्या दिवसापासून त्याने चहासुद्धा आडव्यानेच, नळीने प्यायला सुरुवात केली. वहिनींचं हसणं बंद झालं, तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

सुटका केली ती बाईंनी, आणि त्याही भांडायला आल्या होत्या.

बाईंना कपाट हवं होतं. इतके दिवस त्या माणुसकीने गप्प राहिल्या होत्या, पण त्यांचे सगळे स्वेटर खोक्यांत पडले होते. वहिनींनी शटर उघडून दिलं. बाईंनी वरचा खण ओढला. हलला नाही. खालचा ओढला. तोही नाही. त्या तरातरा घरात आल्या. मी तिथे कसा होतो हे विचारू नका, मी असतो.

"पाचर, माझ्या कपाटाचा एकही खण उघडत नाही."

"काय?" तो छताकडे बघत म्हणाला.

"एकही नाही. चिकटून बसलेत सगळे."

आणि काय सांगू, इतके दिवस फळी होऊन पडलेला माणूस कोपरावर उठला. "चिकटणारच. अगं," हे वहिनींना, "त्या दिवशी पॉलिश ओलं होतं ना? शटर ओढलंस आणि खण बंदच ठेवलेस? ओल्या पॉलिशचा खण कधी बंद ठेवतात का? येता-जाता आत-बाहेर करायचा असतो. वाळता वाळता सरकत राहिला की वाळल्यावरही सरकतो. बंद ठेवला की कडेला धरून बसतो. इतकी वर्षं माझ्या घरात आहेस, एवढं कळू नये?"

वहिनी हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"जोडाला हलवायचं नाही म्हणता ना?"

"जोडाला नाही. खणाला हलवायचं. जोड वेगळा, खण वेगळा. एक धरून राहायला असतो, एक सरकायला."

"बरं. डॉक्टर म्हणाले ती नस सरकत राहिली पाहिजे. ती मुलगी रोज तेच सांगते." वहिनी पलंगाच्या पायाशी आल्या. "मग सांगा, तुमची नस जोड आहे की खण?"

बाईंनी आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारले, पण असा एक त्यांनाही कधी सुचला नसेल. पाचर वहिनींकडे बघत होता. मग त्याने बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तर शपथेवर सांगतो, त्या वेळी मी हसत नव्हतो.

"उशी काढ," तो म्हणाला.

वहिनींनी उशा काढल्या. त्या मुलीने शिकवलं होतं तसा तो आधी कुशीवर झाला, पाय खाली सोडले, हाताने रेटा देऊन उठला. पट्टा सैल केला. आणि दारापर्यंत जाऊन परत आला.

"माझ्या खणांचं काय?" बाई म्हणाल्या.

"ते बघतो मी," तो म्हणाला आणि पुन्हा दाराकडे निघाला.

दुसऱ्या दिवसापासून तो गल्लीत दिसायला लागला. छोट्या छोट्या फेऱ्या, न्हाव्यापर्यंत, परत, जरा आडवं होणं, मग शिंप्यापर्यंत, परत. पण गल्लीत चालणं म्हणजे याच्यासाठी गल्लीत थांबणं. महिन्याभराच्या बातम्या साचलेल्या. न्हाव्याकडे टेकला की तासाची निश्चिंती, हे वहिनींना पक्कं ठाऊक. म्हणून त्या रोज त्याला निळा कामाचा शर्ट घालून द्यायच्या, मागून कॉलर नीट करायच्या आणि हातात खडू घेऊन पाठीवर त्याच्याच ठळक अक्षरवळणात हलकेच लिहायच्या: हलवत राहणे.

त्याला कळायचं नाही. पट्ट्यामुळे पाठीवर एवीतेवी बधिरच वाटायचं, वहिनी लिहिताना बोलत राहायच्या आणि संध्याकाळी शर्टही त्याच काढून झटकून ठेवायच्या.

इकडे गल्लीचं काय झालं असेल विचार करा. हा न्हाव्याच्या दारात थांबतो, रस्त्याकडे बघत खांद्याने चौकटीला टेकतो, तोंड उघडतो. आतला न्हावी मान वळवून त्याची पाठ वाचतो. "चला काका, थांबू नका, पुढे व्हा." हा शिंप्याकडे जातो. "अहो उभे का? चला, चला." फुलवाली, जी पूर्वी त्याला स्टूल द्यायची, ती लांबूनच हात हलवायची. मुलं मागून येऊन ओरडायची, काका, हलत राहा.

चार-पाच दिवसांनी तो माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

"एक विचारू? माझ्या तोंडाला वास येतो का?"

"नाही. का?"

"मग लोक मला उभं का करत नाहीत? दोन शब्द बोलायला गेलो की हाकलतात. न्हाव्याने तर शिंप्याच्या मुलीचं अर्धं सांगून मला पुढे ढकललं. इतका नकोसा झालोय का मी?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण बातमी फोडली असती तर वहिनींशी वैर आणि वहिनी चहा चांगला करतात. मी म्हटलं, "उरलेलं अर्धं शिंप्याला माहीत आहे. तिथपर्यंत चालत जा." तो गेला. पाठ माझ्याकडे झाल्यावर मी मनसोक्त हसून घेतलं.

त्या फेऱ्यांमध्ये दुकानाचा दरवाजाही यायचा. तिथे उभा राहून तो बाईंच्या कपाटाचं काम वहिनींकडून करून घ्यायला लागला. वहिनी एकदा हिसका मारायला गेल्या तसा तो कळवळला. "हिसका नाही. अडकलेल्या खणाला हिसका मारला की पॉलिश सोलतं. कडेला मेणबत्ती घास. आता थोडा ओढ. बास. आत ढकल. परत ओढ. जेवढा येतो तेवढाच." दोन दिवस हे चाललं. मला वाटतं, फिजिओथेरपीवालीने त्याच सुमारास त्याच्यात फरक पाहिला, कारण त्याआधी तो पायाचा व्यायामसुद्धा हिसका मारूनच करत होता. आता ओढ लागेल इथपर्यंत जायचा, परत यायचा.

वरचा खण सुटला तेव्हा आत एक छोटी पितळी डबी निघाली. तपकिरीची. शिंक आली त्या दिवशी घाईत तिथे पडली असणार. वहिनींनी डबी उघडून पाहिली आणि त्याच्या नाकासमोर धरली. तो म्हणाला, "बाईंची असेल."

डॉक्टरांकडे तपासणीला जायचा दिवस आला. रिक्षात बसायच्या आधी दुकानात जाऊन आला, कशालाही हात न लावता. पुढचं वहिनींनी सांगितलेलं.

डॉक्टरांनी त्याला टेबलावर झोपवलं, टाच हातात घेतली आणि पाय सरळ ठेवून उचलायला सुरुवात केली. हा छताकडे बघत होता. वहिनी त्याच्या मुठीकडे बघत होत्या. मागे जिथे अडला होता ती उंची आली, पाय पुढे गेला. आणखी वर.

"कुठे ओढतंय?"

"मांडीच्या मागे. जरासं."

"टाचेत वीज जाते?"

त्याने डोळे मिटले. आत शोधत होता, वहिनी म्हणाल्या, खण उघडून बघावा तसा.

"नाही," तो म्हणाला. "काहीच जात नाही."

डॉक्टरांनी पाय खाली ठेवला, पंजा दाबून बघितला, मान हलवली. "छान. हमी मी कोणालाच देत नाही, पण आज नस मोकळी आहे. उभ्याने हलकं काम हळूहळू सुरू करा. आता उठून वळा, जखम बघू." तो वळला आणि डॉक्टर थांबले. मग त्यांनी मोठ्याने वाचलं, "हलवत राहणे." चष्मा काढला. "हे कोणी लिहिलं?"

शर्ट काढावा लागला. याने तो समोर धरून बराच वेळ पाहिला. मग बायकोकडे पाहिलं.

"किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे न्हावी... आणि शिंपी..."

"सगळे."

वहिनी म्हणतात, तेव्हा त्याचा चेहरा असा काही झाला की आता रागावतो की रडतो हे कळेना. मग त्याला हसू फुटलं, आणि या वेळी जोड हलेल म्हणून तो थांबला नाही. डॉक्टरांनी बाहेरच्या पेशंटांना सांगायला लावलं की जरा वेळ लागेल.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं. मी माझ्या खुर्चीत होतोच. बाईंचं कपाट त्यांच्या घरी पोचलं होतं, तिथे खण लोण्यासारखे सरकत होते. रंधा त्याने स्वतः उचलून आणला नाही. वहिनींनी तो घरच्या भिंतीवरून काढून आणून हातात दिला. एक पातळशी फळी टेबलावर बांधली, पाय थोडे फाकवून उभा राहिला आणि रंधा चालवला. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सलग छिलका निघाला, गोल गोल वळत माझ्या पायाशी येऊन पडला. त्याने अजून दोन-तीन हात मारले. आणि मग, फळी अर्धवट असताना, ज्या माणसाने उभ्या जन्मात काम अर्धं टाकलं नव्हतं त्याने रंधा खाली ठेवला.

"कुठे निघालास?"

"फेरी मारून येतो."

जाता जाता माझ्या पाठीवर प्रेमाने थाप मारली, खांद्यावरचा भुसा झटकला, जरा जास्तच वेळ झटकला. मला बरं वाटलं. थोड्या वेळाने मी न्हाव्याकडे गेलो, कारण डॉक्टरांकडची हकीकत गल्लीत कोणाला नीट माहीत नव्हती आणि ती सांगायला कोणीतरी हवंच. मी सांगायला सुरुवात केली. न्हावी आरशात बघत होता आणि हसत होता. शिंपी हसत होता. फुलवालीने तोंडाला पदर लावला.

घरी आल्यावर माझ्या बायकोने शर्ट काढायला लावला. पाठीवर खडूने, ठळक, सुताराच्या अक्षरात लिहिलं होतं: ऐकलेलं खरं मानू नये.

मी खिडकीतून खाली बघितलं. तो दुकानाच्या दारात उभा होता, रंधा हातात. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय रे, थांबलास का? चल, चल. पुढे हो."